अ‍ॅक्वासॉईल दीड वर्षात 'संपली' तर सगळी बदलायची का?

नाही बदलायची. अ‍ॅक्वासॉईल म्हणजे माशांच्या टाकीत झाडांसाठी तळाला घालतात ती खत भरलेली दाणेदार माती, तिच्यात मुळाशी खत द्यायचं. खरं तर उत्तर इथंच संपतं, पण तुम्ही लिहिलंय की दुकानदार म्हणाला "सॉईल मेली, नवीन दोन पिशव्या टाका", अगदी हेच वाक्य मी पण ऐकलंय आणि त्यापायी वाट लावून घेतलीय, म्हणून लिहितोय.

माझी दोन फुटी टाकी होती मंगळवार पेठेतल्या घरी, हॉलमध्ये. पहिलं वर्ष काय बघायला नको, स्वॉर्ड नावाच्या पाणझाडाचं एकेक पान तळहाताएवढं. मग नवीन पानं बारीक यायला लागली, पिवळी, नुसत्या शिरा हिरव्या, आणि क्रिप्ट, म्हणजे दुसरं पाणझाड, ती तर वाढायचीच थांबली. दुकानदारानं वरचं वाक्य टाकलं, मी पिशव्या उचलल्या. रविवारी दाजी मटणाला आलेले, कागलकडं ऊस आहे त्यांचा. हात मागं बांधून टाकीसमोर उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रान बदलतंय काय रं कोण? खत घालायचं आणि म्होरं जायचं." मी सगळ्यांसमोर हसलो. म्हटलं दाजी, हे उसाचं रान नव्हे, काचेची टाकी आहे. ताई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

त्याच रात्री टाकी उपसली. स्वॉर्ड उपटला तर त्याची मुळं पार दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली, अर्धी सॉईल गोधडीसारखी सोबत वर आली, पाणी शेणकाल्यासारखं. नवीन सॉईल पहिले काही आठवडे अमोनिया सोडते हे मला माहीत होतं हो, पण मासे ठेवणार कुठं, बादलीत किती दिवस? दुसऱ्या दिवशी सोडले परत. अकरा निऑन माशांमधले सहा चार दिवसांत गेले, क्रिप्टचा तर चिखल झाला. बायको काही बोलली नाही, नुसती जाळी धुऊन वाळत घातली.

आता दाजींचं बरोबर का होतं ते सांगतो, त्यांनीच नंतर सांगितलेलं. मुरमाड रान खत धरत नाही, दिलं की पाण्याबरोबर खाली जातं, काळं रान धरून ठेवतं आणि मुळं मागतील तसं सोडतं. सॉईलचं तेच आहे. तिच्या कणांवर ऋण भार असतो, त्याला पोटॅशियम, अमोनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असले धन भाराचे घटक चिकटतात. दीड वर्षात संपतो तो कंपनीनं भरून दिलेला माल, कणांची धरायची ताकद तशीच राहते. कोठार रिकामं झालं म्हणून कोणी कोठार पाडत नाही. साधी रेती किंवा खडी असेल तर मात्र ते मुरमाड रान, तिथं हप्ता चुकवून चालत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा तीच लक्षणं दिसली तेव्हा मी गपगुमान रूट टॅब, म्हणजे मुळाशी द्यायच्या खताच्या गोळ्या आणल्या. लांब चिमट्यानं पार तळाच्या काचेपर्यंत खोचायच्या, स्वॉर्ड, क्रिप्ट, व्हॅलिस यांच्या मुळाशी, चार-पाच इंचांवर एक, दोन-तीन महिन्यांनी परत. वर अर्धवट राहिली तर शेवाळ बोलवल्यासारखंच. खोचल्यावर काही दिवस झाडं उपटापट करू नका, तळाची घाण ओढायचा सायफन फिरवायचा तो वरवरच. अनुबियास आणि जावा फर्न या झाडांना टॅबचा उपयोग नाही, ते पाण्यातनं खातात, त्यांना लिक्विड खत द्या. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडत असतील तर बहुतेक पोटॅश कमी आहे, ते पण पाण्यातनं दिलं तरी चालतं. तीन आठवड्यांत स्वॉर्डचं नवीन पान हिरवंगार आलं, मी फोटो काढून ताईला पाठवला, तिनं दाजींना दाखवला, आणि तिथनं पुढं प्रत्येक कार्यात दाजींचं सुरू, "ह्याच्या टाकीला खत मी सुचवलं."

तर एकदाचं लिहूनच टाकतो. दाजी, तत्त्व तुमचं, मान्य. पण तुम्ही वर्तमानपत्रात बांधून दिलेलं 10:26:26, ते उसाचं रासायनिक खत, मी टाकीत घातलं नाही, हे पण सांगत जावा. लोणच्याच्या काचेच्या बरणीत जुनी सॉईल, व्हॅलिसचा एक तुकडा आणि त्या पुडीतले चार दाणे घालून खिडकीत ठेवलेलं. आठव्या दिवशी पाणी रंकाळ्याच्या कडेला असतं तसं हिरवं आणि व्हॅलिस दिसेना. त्यातला बराचसा नत्र अमोनियाच्या रूपात असतो आणि दाणे भराभर विरघळतात, मासे असते तर त्यांचं काय झालं असतं? उसाला ठीक आहे, वर एवढं मोठं रान आहे. साठ लिटरमध्ये मूठभर खताची गंमत नको. पुडी अजून माळ्यावर आहे, पाहिजे तर घेऊन जा.

आणि हो, एक राहिलं. बोटात धरून दाबल्यावर सॉईलचा दाणा चिखल होत असेल तर मात्र खरंच बदलायला झालीय, तेव्हा पण एकदम नको, थोडी थोडी करून. आणि नवी सॉईल पाण्याचा पीएच खाली ओढते ते काम टॅबनं परत येत नाही, बोअरचं जड पाणी वापरत असाल तर ते आणखी लवकर संपतं. नाजूक जातीची कोळंबी पाळत असाल तर त्यासाठी बदलावी लागेल. साध्या झाडांना आणि गप्पीला काही फरक पडत नाही.