दीड रुपयाचं भाडं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधातल्या टाटांच्या बोटींच्या प्रकरणाचा खर्डा मिळाला, सावकाश वाचला. लिहिणं स्वच्छ आहे, सनावळी नीट लावली आहेस. पण गोष्ट अशी रंगवली आहेस की एका बाजूला जमशेदजी टाटा, दुसऱ्या बाजूला पी. अँड ओ. ही इंग्रज बोटकंपनी, आणि मुंबईचा व्यापारी कुठे दिसतच नाही. खरं तर सगळा निकाल त्याच्या हातात होता. बोटी कुणीही भाड्याने आणतो, त्यात माल कोण भरणार ही खरी लढाई. पुण्यात बसून जन्मभर दुसऱ्यांचा माल बोटीवर चढवण्याचा धंदा केला, त्यामुळे माझी नजर आधी भाड्याच्या बिलाकडे जाते. तुझ्या गाइडना ती थोडी व्यापारी वाटेल. वाटू दे.

आधी पट मांडू. १८९० च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडं सूत काढत होत्या, वीस नंबर आणि त्याखालचं (नंबर जितका कमी, तितकं सूत जाड). ते चीनला जायचं. जपानमध्ये नव्या गिरण्या उभ्या राहत होत्या, त्यांना आपला कापूस हवा होता. म्हणजे मुंबईहून पूर्वेकडे दोन्ही माल जाणार, आणि त्या वाटेवर बोटी कुणाच्या? इंग्रजांची पी. अँड ओ., ऑस्ट्रियन लॉइड आणि इटलीची रुबातिनो. तिघांनी आपसात ठरवून भाडं बांधलेलं. हा ‘परकीय स्पर्धा’ शब्द तू सारखा वापरतेस, पण या तिघांत स्पर्धा नव्हतीच, संगनमत होतं. स्पर्धा आली ती १८९३ मध्ये, जमशेदजी जपानला जाऊन तिथल्या निप्पॉन युसेन कैशा या बोटकंपनीशी बोलले तेव्हा. जपानी कंपनीने अट घातली की जोखीम निम्मी तुम्ही घ्या, तुमच्याही बोटी चालवा. मग टाटांनी ‘ॲनी बॅरो’ नावाची बोट महिना १,०५० पौंडांनी भाड्याने घेतली, पाठोपाठ ‘लिंडिसफार्न’. टाटा लाइन सुरू झाली. टनाला भाडं बारा रुपये. समोरच्यांचं एकोणीसपर्यंत गेलेलं.

इथे तू लिहितेस, ‘पी. अँड ओ.ने भाडं दीड रुपयावर आणलं’, आणि पुढच्या परिच्छेदात टाटा लाइन बुडते. मधे तुझं खरं प्रकरण राहून गेलं. एकोणीसवरून दीड, हे ऐकून वाचक थक्क होतो, पण थक्क होऊन भागत नाही. विचार, हा दीड रुपया कुणाला? सरसकट सगळ्यांना नव्हे. आम्ही निप्पॉन युसेनच्या किंवा टाटांच्या बोटीतून माल पाठवणार नाही असं जो लिहून देईल, त्याला. वर जपानला जाणारा कापूस फुकट नेण्याची तयारी. म्हणजे पी. अँड ओ. त्या पैशात सुताची वाहतूक विकत नव्हती, गिरणीवाल्याची सही विकत घेत होती. तुझं वाक्य असं हवं: भाडं किती, कुणाला, कोणत्या अटीवर, किती दिवसांसाठी. भाड्याचा आकडा अटीशिवाय कधीही लिहू नकोस. आमच्या धंद्यात दर विचारणाऱ्याला पहिला उलट प्रश्न असतो, ‘कशावर?’ तेवढा एक प्रश्न तुझ्या प्रत्येक तळटिपेला विचार.

दुसरं, टन. तुझ्या तक्त्यात टनाचे सरळ २,२४० पौंड धरून हिशेब केला आहेस. बोटीच्या भाड्याचा टन बहुतेक वेळा जागेचा असतो, ४० घनफुटांचा. सुताची गासडी ४०० पौंडांची, पण ती किती दाबून बांधली आहे यावर तिने किती जागा खाल्ली हे ठरतं. त्यामुळे गासडी दाबणाऱ्या प्रेसचा खर्च आणि बोटीचं भाडं ही एकाच हिशेबाची दोन टोकं. चाकणहून न्हावा शेवाला जाणारा कंटेनर भरताना आजही तेच होतं. फोमच्या सीट आणि गिअरचे कास्टिंग यांचं भाडं एका मापाने निघत नाही. तेव्हा तक्त्यातल्या प्रत्येक ओळीत माप कोणतं ते लिही, आणि जिथे मूळ कागदात लिहिलेलंच नाही तिथे ओळ गाळ.

आता सवलतीच्या परताव्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुझ्या पिढीने तो पाहिलेला नाही. बोटकंपन्यांच्या संघाला ‘कॉन्फरन्स’ म्हणायचे. कलकत्त्याच्या व्यापारात १८७५ मध्ये असा संघ झाला आणि १८७७ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या कापडावर एक युक्ती काढली. व्यापाऱ्याने पूर्ण भाडं भरायचं. सहा महिन्यांच्या भाड्यावर दहा टक्के परतावा जमा व्हायचा, पण हातात लगेच नाही. तो आणखी सहा महिने अडकून. त्या काळात एक गासडी जरी बाहेरच्या बोटीने गेली तरी सगळा परतावा जप्त. समज, कुणी सहा महिन्यांत सतरा हजार रुपये भाडं भरलं, त्याचे सतराशे त्यांच्याकडे अडकलेले. पुढच्या सहामाहीचेही तिथेच साठत चाललेले. अशा माणसाकडे नवा बोटवाला बारा रुपयांचा दर घेऊन आला तर तो दर बघत नाही, अडकलेले पैसे बघतो. आणि नव्या बोटीवर महिन्याला दोन फेऱ्या असतील, जुन्यांच्या चार. उरलेला माल कशाने पाठवणार?

माझ्या काळातही हे होतं. इंग्लंड-युरोपच्या मालासाठी परताव्याचा क्लेम फॉर्म यायचा, त्यात खाली छापील प्रतिज्ञा: आम्ही या मुदतीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष दुसऱ्या कोणत्याही बोटीतून माल पाठवला नाही. सगळा जीव त्या ‘अप्रत्यक्ष’मध्ये. पिंपरीच्या एका कारखानदाराचा माल भलत्याच नावाने भलत्या बोटीतून गेला असं कुणीतरी कळवलं आणि त्याचा वर्षाचा परतावा अडकला. त्याने माझ्या टेबलावर मूठ आपटली होती, पण पुढची खेप मुकाट्याने त्याच संघाच्या बोटीने पाठवली. युरोपियन युनियनने या संघांची कायदेशीर सूट ऑक्टोबर २००८ मध्ये काढून घेतली. म्हणजे १८७७ ची युक्ती शंभरावर वर्षं टिकली. लंडनने १९०६ मध्ये यावर रॉयल कमिशन नेमलं, त्याचा अहवाल १९०९ चा. टाटांची चरित्रं आधी मिटून ठेव आणि हा अहवाल वाच.

पी. अँड ओ.ला दीड रुपया परवडला कसा, हेही तुझ्याकडे नाही. ती सरकारी टपाल नेणारी कंपनी. ठरल्या तारखेला बोट सुटणारच, भरलेली असो वा रिकामी, आणि टपालाचे सरकारी पैसे मिळणारच. अशा बोटीत शेवटच्या गासडीचं भाडं दीड रुपया आलं तरी तो दीड रुपया वरकमाईच. टाटांची बोट मात्र महिन्याच्या भाड्याची, तिला प्रत्येक फेरीला पोट भरावं लागे. जमशेदजींनी सरकारकडे गाऱ्हाणं केलं ते यावरच, की सरकारी पैशावर पोसलेली कंपनी देशी धंद्याचा गळा धरते. तुला हे रागाने लिहावंसं वाटेल, पण आधी हिशेबाने लिही. राग वाचकाला आपोआप येईल.

‘लिंडिसफार्न’ सूत वाहायला लायक नाही अशी कुजबुज बाजारात सोडली गेली, याचा तू एका ओळीत उल्लेख केला आहेस. तिथे थोडं थांब. लायक नाही म्हटलं की विमा महागतो, आणि विमा महागला की बारा रुपयांचा दर बारा राहत नाही.

मग एकच कोडं उरतं आणि ते सगळ्यात रसाळ आहे: टाटा लाइन बंद पडली, बोटी परत गेल्या, पण निप्पॉन युसेन टिकली. शेवटी १८९६ मध्ये पी. अँड ओ. आणि मंडळींना तिच्याशी करार करावा लागला. का? जपानमधल्या सूतगिरण्यांच्या संघाने आपला सगळा कापूस निप्पॉन युसेननेच आणायचा असं बांधून घेतलं होतं, आणि कंपनी त्यांना परतावा देत होती. म्हणजे तेच हत्यार, उलट्या हातात. मुंबईत गिरणीमालकांचा संघ १८७५ पासून होता, पण दीड रुपया दिसल्यावर एकेक गिरणी सटकली. ओसाकात माल बांधलेला राहिला, मुंबईत सुटला. तुझ्या प्रकरणाचा कणा हा. यात कुणा एकाला खलनायक करू नकोस. १८९३ मध्ये सरकारने चांदीची टांकसाळ लोकांना बंद केल्यावर रुपया चांदीच्या मानाने वधारला आणि चीनच्या चांदीच्या बाजारात मुंबईचं सूत महागलं होतं, गिरणीवाल्याला आण्याआण्याची भ्रांत होती. अशा वेळी टनामागे दहा-साडेदहा रुपये वाचत असताना देशाभिमान दाखव म्हणणं सोपं आहे.

आणि एक अवघड गोष्ट टाळू नकोस. ज्या जपानी बोटींना आपण इथे आणलं, त्यांनी नेलेल्या आपल्याच कापसाचं सूत काढून जपानने पुढे चीनच्या बाजारात मुंबईला मागे रेटलं. जपानने १८९४ मध्ये सुतावरचा निर्यात कर आणि १८९६ मध्ये कापसावरचा आयात कर काढला, त्याच वेळी आपल्याकडे गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली. ‘केसरी’ने त्यावर रान उठवलं होतं, पण कराबद्दल जेवढी शाई गेली तेवढी भाड्याबद्दल गेली का, हे तू फायली उलटून मोज. केसरीवाड्यापासून सुरुवात कर. मग गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जुने सरकारी अहवाल विचार. गिरणीमालक संघाच्या वार्षिक अहवालांसाठी आणि सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईला जावंच लागेल. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार सकाळच्या गाडीने जाऊन एका दिवसात उरकत नाही, राहायची सोय आधी बघ.

‘एम्प्रेस ऑफ इंडिया’चा मोह मात्र आवर. जमशेदजी आणि विवेकानंद १८९३ मध्ये योकोहामाहून ज्या बोटीने व्हँकुव्हरला गेले, तीच पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांकडे ‘लॉयल्टी’ झाली आणि ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया या देशी बोटकंपनीचा झेंडा लावून मुंबईहून लंडनला निघाली. योगायोग भारी आहे, मलाही सांगायला आवडतो, पण तो शिरला की वाचकाला दुसरं काही आठवणार नाही. प्रस्तावनेत टाक.

दक्षिणेतल्या तुतिकोरीन बंदराचं उदाहरण मात्र घेच. १९०६ ची चिदंबरम पिल्लै यांची स्वदेशी बोटकंपनी, टिळकांचा तिला पाठिंबा, आणि समोर ‘ब्रिटिश इंडिया’ या इंग्रज बोटकंपनीने उतारूंचं तिकीट उतरवत उतरवत फुकटावर आणलेलं. तिथे गासड्यांच्या जागी माणसं होती. उतारूकडून वर्षभराची सही घेता येत नाही, म्हणून तिथे दर खरोखर सगळ्यांनाच उतरवावा लागला. मुंबईशी तुलना करायची तर या फरकावर कर. वालचंद हिराचंद यांची सिंदिया कंपनी ‘ब्रिटिश इंडिया’बरोबरच्या १९२३ च्या करारावर येऊन कशी थांबली, ते दोन परिच्छेदांत आटोप, तो वेगळा प्रबंध आहे.

पुढच्या खर्ड्यात मला एक नवा तक्ता हवा: १८९२ ते १८९८, मुंबई ते शांघाय आणि मुंबई ते कोबे, दर, माप, अट, आणि अट मान्य करणारा कोण. १८९६ च्या करारानंतर दर किती वर गेला ती ओळ सगळ्यात आधी भर. कागदावर छापून आण, मला स्क्रीनवर आकडे वाचवत नाहीत. गुरुवारी दुपारनंतर घरीच असतो.

तुझा,
काका