लाईटबिलाच्या मागे लिहिलेले शब्द

"मॅडम, पोरावर केस झाली, आता त्याचं सगळं संपलं का?" मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, आणि दर वेळी विचारणाऱ्याचा चेहरा सारखाच असतो, रात्रभर झोप नाही आणि कोणाला सांगायची सोय नाही. म्हणून मागच्या वर्षीची एक केस लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय, मुलाला आपण ओम म्हणू.

ओमची आई एकटीच आली होती. खुर्चीत बसायच्या आधी पर्समधून एक घडी घातलेलं लाईटबिल काढलं आणि मागची बाजू माझ्यापुढे धरली, तिथे पेनाने घाईघाईत शब्द लिहिलेले. सीसीएल. जेजेबी. पीओ. एसआयआर. ओएच. पेटी. खाली दोनदा अधोरेखित करून, १६ पूर्ण. "तिथे सगळे हेच बोलत होते मॅडम, मी नुसती मान हलवत होते, घरी येऊन विसरू नये म्हणून लिहून ठेवलं. यातलं वाईट कुठलं तेवढं सांगा."

झालेलं असं. ओम सोळा वर्षं तीन महिन्यांचा, अकरावीला. मैदानाच्या कडेला कोणाची तरी बॅग होती, त्यातला मोबाईल उचलला, सोबत एक मित्र, मित्र म्हणजे वस्तीतलाच एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याने तो विकायला नेला आणि दुकानातच पकडला गेला. संध्याकाळी ओमच्या दारात साध्या कपड्यातला माणूस. आईला वाटलं क्लासचे सर आले. मुलांच्या केसमध्ये पोलिसांनी युनिफॉर्ममध्ये यायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, असा नियमच आहे, पण हे तिला कोण सांगणार, तिला एवढंच कळलं की पोरगा गेला.

मी आधी १६ पूर्ण पासून सुरुवात केली, कारण तिला रडू त्यावरच येत होतं. टीव्हीवर ऐकलेलं असतं की सोळा पूर्ण झाले की मोठ्यांसारखी केस चालते. हे अर्धंच ऐकलेलं आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर, त्यातला एक आरोपी अल्पवयीन होता म्हणून, खूप ओरड झाली, आणि २०१५ चा बाल न्याय कायदा आला, तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, त्यात सोळा ते अठरा वयासाठी ही सोय घातली खरी. पण ती फक्त निर्घृण गुन्ह्यासाठी, म्हणजे ज्याला कायद्यात कमीत कमी शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे, खून, बलात्कार वगैरे. तिथेसुद्धा आपोआप काही होत नाही, बाल न्याय मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं, म्हणजे मुलाची शारीरिक-मानसिक कुवत काय, परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत झालं, आणि मग ठरवतं की मोठ्यांसारखा खटला चालवू शकणाऱ्या बाल न्यायालयाकडे पाठवायचं का. अशा मुलालाही फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. ओमची केस साध्या चोरीची, तिला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं, म्हणून ती किरकोळ वर्गात. ते "पेटी" म्हणजे इंग्रजीतलं petty, हेच. ती मला विचारते, "पेटी म्हणजे लाचेची का?" आम्ही दोघी हसलो, त्या तासातलं तेवढं एकच हसू.

वयाचा एक मुद्दा जाताजाता, वय आधी शाळेच्या दाखल्यावरून किंवा दहावीच्या सर्टिफिकेटवरून धरतात, ते नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची टेस्ट. आपल्याकडे शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहून टाकलेली एक अख्खी पिढी आहे, त्यामुळे कागद आधी घरीच नीट बघून घ्या म्हणते मी.

आता सीसीएल, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं अठराच्या आतलं मूल. मराठीत याला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात, शब्द तोंडात मावत नाही हे कबूल, पण तो मुद्दाम तसा घेतलाय. कायद्याच्या तत्त्वांमध्येच लिहिलंय की मुलाबाबत दोष लावणारी, डाग लावणारी भाषा वापरायची नाही. म्हणून आरोपी नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक. अटक नाही, ताब्यात घेणं. खटला नाही, चौकशी. आणि अठरापर्यंत मुलाच्या मनात वाईट हेतू नव्हता असंच धरून सुरुवात करायची. दुसरा एक गट असतो, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं, म्हणजे टाकून दिलेली, भीक मागायला लावलेली, घरात मार खाणारी, त्यांच्यासाठी बाल कल्याण समिती. ओमचा संबंध जेजेबीशी, म्हणजे बाल न्याय मंडळाशी, तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई असायलाच हवी. प्रत्यक्षात बरीच मुलं दोन्हीकडची असतात असं माझं मत झालंय, पण फाईल एकाच रंगाची निघते.

ओएचवर आलो तेव्हा ती गप्प झाली. ओएच म्हणजे निरीक्षणगृह, जुनी माणसं अजून रिमांड होमच म्हणतात. ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मुलाला मंडळापुढे न्यायचंच असतं, तसं ओमला नेलं आणि मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला. मुलाला जामीन हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र आहे की नाही ते बघायचं नसतं, नाकारायचा तर तीनच कारणं, सुटला तर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. मग ओम घरी का नाही आला? तर वडिलांनी सही केली नाही. "राहू दे चार दिवस आत, अद्दल घडेल," म्हणाले आणि कामावर निघून गेले.

आणि ओम खरंच चार दिवस राहिला. पाचव्या दिवशी तिच्या भावाने तिला सांगितलं की अगं तूही सही करू शकतेस, तूही पालक आहेस. ती आधार कार्ड घेऊन गेली, हमीपत्रावर सही केली, दुपारी मुलाला घेऊन आली. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला वाटलं बापाचीच सही लागते मॅडम. शाळेत तर त्यांचीच लागायची."

मी समुपदेशक आहे, रागवायचं नसतं, पण त्या माणसाचा मला राग आला होता हे लिहून टाकते. निरीक्षणगृह शिक्षेसाठी नाहीच, चौकशी चालू असताना तात्पुरतं ठेवायला आहे, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असंही कायदाच म्हणतो. जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण झाली नाही तर मुलाला परत मंडळापुढे आणून अट बदलायची सोयही आहे, ती एवढ्यासाठीच की मूल नुसत्या सहीसाठी पडून राहू नये. वकिलाला पैसे नव्हते म्हणून कोणाला विचारलं नाही असंही ती म्हणाली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला वकील फुकट मिळतो, मंडळात नुसतं विचारायचं.

पुढच्या आठवड्यात ओम आला. पहिली पंधरा मिनिटं बुटाची लेस. मी चोरीबद्दल काही विचारलंच नाही, ते मंडळाचं काम. मग तो आपण होऊनच म्हणाला, "तिथे एक मोठा मुलगा होता, म्हणाला, पहिल्यांदा आलास ना, दुसऱ्यांदा येशील तेव्हा नाही रडणार." त्या मुलाने त्याला नंबर दिला होता, बाहेर आल्यावर काम देतो म्हणून. चार दिवसांत घडलेली अद्दल ती ही. आणि एक गोष्ट, ती त्याने दाराशी उभं राहून सांगितली, "पप्पा आता हाक मारत नाहीत, ए चोरा पाणी आण म्हणतात. गंमतीत." गंमतीत हा शब्द त्याने स्वतःच पुढे जोडला.

म्हणजे बघा, मंडळातला क्लार्कसुद्धा ज्या मुलाला आरोपी म्हणत नव्हता त्याला घरात रोज तो शब्द मिळत होता, आणि सोळाव्या वर्षी पोरगं जे ऐकतं तेच खरं धरतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही कोणीतरी त्याचा फोटो टाकला होता, "सावध राहा" लिहून. ते मी लगेच थांबवायला सांगितलं. अशा मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही पसरवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे फक्त पेपरवाल्यांना आहे असा लोकांचा समज असतो, पण कलमात इतर कुठलंही संपर्काचं माध्यम असं लिहिलंय. मामाने सेक्रेटरीला कलमाचा नंबर पाठवला, वीस मिनिटांत फोटो गेला. ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यातून कसा जाणार, ते वेगळं.

राहिले पीओ आणि एसआयआर. पीओ म्हणजे परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, तो घरी येणार, सामाजिक तपासणी अहवाल बनवणार, त्यालाच एसआयआर म्हणतात, दोन आठवड्यांत द्यायचा असतो. आईने पडदे धुतले होते, आणि मला विचारत होती की नवरा कधीमधी पितो ते लपवू का. मी म्हटलं ताई, तो धाड घालायला येत नाहीये, मंडळाला गुन्हा पोलिसांच्या कागदात दिसतो, मुलगा मात्र या अहवालातच दिसतो, शाळा कशी चाललीय, झोप येते का, व्यसन आहे का, घरी कोणाशी बोलतो, हेच विचारतील, खरं सांगा. तिने खरं सांगितलं. वडील घरातच होते म्हणे, आणि पीओने ओमला "तू कोणाशी बोलतोस" विचारल्यावर तो काहीच बोलला नाही, ते त्यांनी स्वतः ऐकलं. त्यानंतरच्या सेशनला वडील आले. फार काही बोलले नाहीत. मी त्यांना एकच काम दिलं, महिनाभर मुलाला नावाने हाक मारायची, बाकी राग ठेवा, रागावर माझी हरकत नाही.

आई मात्र एका गोष्टीवर अडली होती आणि ते बरोबरच होतं, दोघांनी एकच केलं मग दोन कोर्टं का? कारण मूल आणि मोठा माणूस यांची केस एकत्र चालवता येत नाही, तो एकोणीसचा, त्याचं नेहमीच्या कोर्टात. ओम एकटा किंवा त्याच्याच वयाच्या मुलासोबत असता तर किरकोळ गुन्ह्याला एफआयआरसुद्धा झाला नसता, डायरीत नोंद करून मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे गेला असता. सोबत मोठा होता म्हणून एफआयआर झाला.

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवून मिळतात, आणि किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही नाही संपली तर ती बंदच होते. ओमची पाच महिन्यांत संपली. मंडळाने समज दिली आणि ग्रुप काउन्सेलिंगला जायला सांगितलं. याहून जास्त म्हणजे सामाजिक सेवा, पालकांना दंड, तीन वर्षांपर्यंत परिविक्षेवर सोडणं, किंवा विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं, असे पर्याय मंडळाकडे असतात, एवढ्या केसला त्यांची गरज नव्हती.

मग काही महिन्यांनी आईचा फोन, एका भरतीचा फॉर्म आहे, त्यात विचारलंय कधी गुन्हा दाखल झालाय का, काय लिहू. सगळ्यांची खरी भीती ही असते, नोकरी, पासपोर्ट, व्हेरिफिकेशन. याच कायद्याचं कलम २४ सांगतं की अशा मुलाला त्या निकालामुळे कुठलीही अपात्रता येत नाही, अपवाद फक्त सोळा पूर्ण झालेल्या आणि मोठ्यांसारखा खटला चालून दोषी ठरलेल्यांचा, आणि रेकॉर्ड ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायचं असतं. केस निकाली निघाली असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी तो रेकॉर्ड उघड करायचाच नाही, हेही कायद्यात आहे. सुरक्षा दलातल्या नोकरीच्या एका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उमेदवाराची लहानपणीची केस त्याच्या विरोधात धरायला नकार दिलाय. तरी फॉर्ममधल्या रकान्याची भाषा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, म्हणून मी तिला म्हटलं, अंदाजाने हो किंवा नाही लिहू नका, निकालाची कॉपी आणि फॉर्म घेऊन विधी सेवावाल्या त्याच वकिलांना दाखवा.

फोन ठेवायच्या आधी ती थांबली. त्या दुसऱ्या मुलाच्या आईबद्दल बोलायचं होतं. त्याच्या तारखा अजून चालू आहेत, दुकानदाराने कामावरून काढलं, त्याच्यासाठी समज नाही, पीओ नाही, काही नाही. दोघांत पावणेतीन वर्षांचं अंतर. "ती रस्त्यात भेटली की मी दुसरीकडे बघते मॅडम. तिला तुमच्याकडे पाठवू का, तुमचं ते मुलांपुरतंच असतं ना?"

म्हटलं, पाठवा.