खंडणी, खत आणि गरी
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या आग्रहावरून यंदा गुड फ्रायडेच्या दुपारी मी पहिल्यांदाच चर्चमध्ये गेलो. घंटा वाजली नाही. तिच्याऐवजी एक मुलगा लाकडी फळीवर ठोका देत होता. फादरांनी जांभळ्या कापडात झाकलेला क्रूस थोडा थोडा उघडत तीन वेळा म्हटले, की ज्यावर जगाचे तारण टांगले गेले तो हा क्रूस. परतताना शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘त्याने आपल्या पापांचे प्रायश्चित्त केले.’ मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझा स्वभाव शंकेखोर आहे. प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याने केलेले ते माझे कसे होईल? देव दयाळू असेल, तर क्षमा करायला त्याला रक्त कशाला लागावे? आमच्याकडे गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा देतात, त्याहून हे निराळे कसे? मावशींनी वाचायला दिलेल्या शुभवर्तमानात तर ‘खंडणी’ हा शब्द सापडला, आणि तो वाचून मला वर्तमानपत्रातली गुन्हेगारीच आठवली. (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : आपल्या शंकेतला अर्धा गुंता शब्दांनी केला आहे, म्हणून आधी शब्दांकडे पाहू. भाषांतरकारांना ‘प्रायश्चित्त’ हा शब्द जवळचा वाटला. परंतु आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्त म्हणजे पाप करणाऱ्याने स्वतः उपास, दान, तीर्थयात्रा यांच्या रूपाने भोगायची गोष्ट आहे. या अर्थाने पाहिले तर आपला आक्षेप बिनतोड आहे. बायबलमधल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र झाकणे, पुसून काढणे असा लावतात. इंग्रजीतला ‘ॲटोनमेंट’ हा शब्द तर ‘एक होणे’ यावरूनच बनला आहे. तुटलेले पुन्हा जुळणे, हा या विषयाचा गाभा आहे. शब्दांची ही अडचण आपल्या किनाऱ्याला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या साष्टीत रायतूर येथे १६१६ साली ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापले, तेव्हा स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द खुशाल वापरला. ‘तारण’ या शब्दालाही दोन अर्थ आहेतच: एक तरून जाण्याचा, आणि दुसरा बँकेच्या पाटीवरच्या ‘सोने तारण कर्ज’ यातला. गंमत अशी, की ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ आलटून पालटून डोके वर काढतात.

राखणीच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देता येते. राखणीत देणारा माणूस असतो आणि घेणारा राखणदार. त्याचा कोप होऊ नये किंवा झालेला शमावा, म्हणून ते देणे असते. बायबलच्या नव्या करारात ही दिशा उलटी आहे. ‘देवाचा आमच्याशी समेट झाला’ असे त्यातली पुष्कळशी पत्रे लिहिणारा प्रेषित पौल कोठेही लिहीत नाही. देवाने ख्रिस्ताच्या द्वारे जगाचा स्वतःशी समेट केला, असे तो लिहितो. रुसलेला देव आणि त्याची समजूत काढणारा माणूस, हे चित्र त्याच्या वाक्यरचनेत बसतच नाही. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायातही एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जात; त्यांपैकी एकाचे रक्त पवित्रस्थानाच्या शुद्धीसाठी वापरले जाई, पण ज्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे लादली जात, तो दुसरा बकरा मारला न जाता जिवंत रानात सोडला जाई. पाप ज्याच्यावर लादले तो मेलाच पाहिजे, असा सरधोपट हिशेब तिथेही नाही.

आता खंडणी. मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजलेल्या किमतीचा आहे. येशूने आपला जीव पुष्कळांसाठी असा दिला, एवढेच मार्क आणि मत्तय हे शुभवर्तमानकार सांगतात. ती किंमत कोणाच्या हाती पडली, हे सांगत नाहीत. पुढच्या पिढ्यांना मात्र राहवले नाही. चौथ्या शतकातले बिशप, निस्साचे ग्रेगरी, यांनी जे उत्तर दिले, ते आपल्या किनाऱ्यावर कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. माणूस सैतानाच्या ताब्यात होता. देवाने मानवी देहाचे आमिष लावले आणि त्याच्या आत देवत्वाची गरी लपवली. हावरट मासा आमिषासकट गरी गिळतो, तसा मृत्यू ख्रिस्ताला गिळायला गेला आणि स्वतःच अडकला. पावसाळ्यात खाडीच्या कडेला गरवायला बसणाऱ्या पोरासोरांनाही हे चित्र आवडेल. पण त्यांचेच स्नेही, नाझियान्झसचे ग्रेगरी यांना खंडणीचा हा सारा हिशेबच पटेना. ईस्टरच्या एका प्रवचनात त्यांनी सरळ विचारले, की ही किंमत कोणाला दिली? सैतानाला दिली म्हणावे, तर लुटारूला एवढा मोबदला देणे लाजिरवाणे. पित्याला दिली म्हणावे, तर आपण त्याच्या कैदेत नव्हतो. मला हा प्रश्न निरुत्तर करणारा वाटतो. तरीही गरीच्या चित्राला मी फेकून देणार नाही. दुष्टाईचे बळ तिच्या हावेमुळेच फसते, हे त्यात पकडलेले आहे, आणि क्रूस म्हणजे आधी दंड नव्हे तर विजय, हा प्राचीन चर्चचा सूर त्यात ऐकू येतो. स्वीडिश धर्मपंडित गुस्ताफ औलेन यांनी १९३०च्या सुमारास तोच सूर पुन्हा लोकांपुढे आणला.

पाश्चात्त्य चर्चने पुढे कर्जाची भाषा धरली. कॅंटरबरीचे आर्चबिशप आन्सेल्म यांनी १०९८ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात असा युक्तिवाद मांडला, की देवाचा मान राखणे हे माणसाचे देणे आहे. ते थकले आहे. फेडायला हवे माणसाने, पण फेडू शकतो केवळ देव. म्हणून फेडणारा देव आणि माणूस दोन्ही असावा लागतो. हा विचार सरंजामी समाजात घडला, आणि खोत व कुळे यांची आठवण असलेल्या कोकणी माणसाला त्यातला दर्प लगेच जाणवेल. तथापि आन्सेल्म यांच्या मते भरपाई हा शिक्षेचा प्रकार नाही, शिक्षेला पर्याय आहे. ‘आमची शिक्षा त्याने भोगली’ ही न्यायालयाची भाषा ठळक झाली ती सोळाव्या शतकात, मुख्यतः कायदा शिकलेले प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन यांच्या हातून. आणि प्रवचनकारांनी तिचा इतका बोजवारा उडवला, की संतापलेला बाप निरपराध मुलावर हात टाकतो, असे काहीतरी ऐकणाऱ्याच्या मनात उरते. आपल्या प्रश्नातले रक्त बहुधा तिथून आले आहे. पिता आणि पुत्र यांना असे समोरासमोर उभे करणे ख्रिस्ती श्रद्धेला मान्य नाही, कारण क्रुसावर जो आहे तो देवच आहे, असे ती म्हणते.

मग दयाळू देवाने नुसती क्षमा का केली नाही? माझ्या आजोबांच्या ट्रंकेत एक स्टॅम्पपेपर होता. मधोमध फाडलेला, पिवळा पडलेला, कोपऱ्यात अंगठा. वादळात होडी गेल्यावर त्यांचे हप्ते थकले, तेव्हा सावकाराने त्यांच्या देखत ते खत फाडले आणि तुकडे त्यांच्याच हातात दिले. लहानपणी मला वाटे, कागद फाटला आणि कर्ज संपले. पुढे कळले, की कर्ज संपत नसते. ते एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाते. आजोबांची सुटका झाली त्या दिवशी सावकाराच्या वहीत तेवढीच बूड आली, आणि ती त्याने निमूट सोसली. कोणाचीही, कसलीही क्षमा अशीच असते; अपमान गिळणाऱ्याला तो गिळावा लागतोच. पौलाच्या नावाने कलस्सैकरांना गेलेल्या पत्रात हेच चित्र आहे: आपल्यावरचे ऋणपत्र देवाने रद्द केले आणि क्रुसाला खिळून टाकले. क्षमा मिळावी म्हणून तिसऱ्याच कोणाचे रक्त लागले, असे ख्रिस्ती माणूस म्हणत नाही. क्षमा करणाऱ्याला ती किती महाग पडली, ते क्रुसावर दिसते, असे तो म्हणतो. ते पाहून माणसाचे मन पाझरते आणि बदलते, हा बाराव्या शतकातले फ्रेंच विचारवंत आबेलार यांनी पुढे आणलेला मुद्दाही मला याच पोटात बसणारा वाटतो, जरी तेवढ्यावरच थांबणे त्यांच्या काळी अनेकांना अपुरे वाटले.

दुसऱ्याचे देणे देवाने भरावे, ही कल्पना मराठी मनाला परकी आहे, असे मात्र मी मानणार नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे लुटवली आणि विठू महार होऊन पांडुरंगाने बेदरला जाऊन रक्कम भरली, पावतीसुद्धा घेतली, ही कथा आपण शाळेत सांगितलीही असेल. फरक एवढाच, की दामाजीपंतांचे देणे दयेपोटी झाले होते, आणि क्रुसाची गोष्ट ज्यांनी देणे उधळपट्टीने केले त्यांच्याविषयी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत; ‘पतितपावन’ हा शब्द ज्याने मनापासून उच्चारला आहे, त्याला हा पूल दिसेल.

‘ते माझे कसे होईल’ हा आपला प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत खोल आहे. एका खात्यातले पुण्य दुसऱ्या खात्यात वळते केले, असे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. पौल रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात निराळे बोलतो: बाप्तिस्म्यात माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो आणि त्याच्याबरोबर उठतो. म्हणजे ख्रिस्ताने आपल्याऐवजी केले यापेक्षा आपल्याला आत घेऊन केले. दुसऱ्या शतकातले बिशप इरेनेयस म्हणत, की बाळपणापासून मरणापर्यंतचे सारे मानवी आयुष्य ख्रिस्त पुन्हा जगला आणि आदामाने जिथे वळण चुकवले, तिथे तो सरळ गेला. भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडातून होडी बाहेर काढतो तो तांडेल. होडीत बसलेले सगळेच पार होतात, पण होडीत बसावे लागते. मावशींना हे असे विचारून पाहा. माझ्या अंदाजाने त्या मान डोलावतील. आणि त्यांचे उत्तर माझ्याहून वेगळे निघाले, तरी कोणीही पाखंडी ठरणार नाही, कारण निकेयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या जुन्या कबुलीत, ‘आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढेच शब्द आहेत. तारण कसे घडले याची एकच उपपत्ती चर्चच्या प्राचीन परिषदांनी कधीही बांधून दिली नाही.

प्रश्न : माझा बाप्तिस्मा लग्नाच्या वेळी झाला. मला वाढवणारी माझी आजी शेवटपर्यंत तुळशीला पाणी घालीत राहिली. एका प्रवचनकाराने मला सांगितले, की तिचे तारण होणे शक्य नाही. तेव्हापासून मन लागत नाही. (एक वाचक भगिनी, मालवण)

उत्तर : त्या गृहस्थांनी देवाच्या खुर्चीत बसून निकाल दिला, तसा अधिकार कोणालाही नाही. काही पंथ आजही असे कठोर मत धरतात, हे खरे. पण ख्रिस्त सर्वांसाठी मेला, म्हणून पवित्र आत्मा देवालाच ठाऊक असलेल्या रीतीने त्या मरण-पुनरुत्थानात सहभागी होण्याची संधी सर्वांना देतो, अशी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६५ सालची शिकवण आहे. ख्रिस्त मृतांच्या लोकात उतरला, हे वाक्य आपण विश्वासांगीकारात म्हणतोच. पौर्वात्य चर्चच्या जुन्या चित्रांत तो तिथल्या तुटलेल्या दारांवर उभा राहून आदाम आणि हव्वेला कबरींतून वर ओढताना दिसतो, आणि पुष्कळदा त्याने आदामाचा हात मनगटाला धरलेला असतो. बुडणाऱ्याला होडीत घेतानाही हात तसाच धरतात, हे आपल्याला मालवणात सांगायला नको. आपल्या आजींसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करता येते. बाप्तिस्मा न झालेल्या मृतांसाठी ती करू नये, असा नियम नाही. पुढच्या रविवारी पॅरिशच्या फादरांना भेटून त्यांचे नाव द्या.