एमबीबीएस हुकलं तरी कॅन्सर संशोधनाची दारं उघडी आहेत

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्या जाऊबाईंनी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनवेळी उरलेली गाठ संशोधनाला द्यायची संमती दिली. तेव्हापासून बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाची तुमची लेक 'मला यातच काम करायचंय' म्हणतेय. डॉक्टर न होता यात पोटापाण्याचं काय, हा तुमचा प्रश्न.

काम भरपूर आहे, आणि ते मोलाचं आहे. गाठ शरीराबाहेर आली की तिच्यातलं आरएनए (जनुकांचा निरोप वाहणारा रेणू) बिघडू लागतं, म्हणून पॅथॉलॉजी विभागात घाई असते. निदानापुरता भाग आधी बाजूला निघतो. तो फॉर्मालिनमधून मेणाच्या ठोकळ्यात जातो. उरलेल्यातला तुकडा उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. ठोकळ्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून हर-टू (गाठ वाढवू शकणारं एक जनुक आणि त्याचं प्रथिन) तपासतात आणि त्यावरून ट्रॅस्टुझुमॅब हे त्याच्यावरचं औषध द्यायचं की नाही ते ठरतं. 1987 मध्ये अमेरिकेतले कॅन्सर संशोधक डेनिस स्लेमन यांच्या गटाने 189 स्तनगाठी तपासल्या आणि सुमारे 30 टक्के गाठींत या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. त्या गाठी अभ्यासाला मिळाल्या नसत्या तर 1998 साली हे औषध आलं नसतं. गाठीतल्या जिवंत पेशींपासून ऑर्गनॉइड, म्हणजे गाठीच्या इवल्या प्रतिकृती, वाढवून त्यांच्यावर औषधं पारखायचं काम मात्र अजून बहुतेक संशोधनापुरतंच आहे.

लेकीला प्रयोगशाळा आवडत असेल तर तिसऱ्या वर्षी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा आणि पीएच.डी. टाटा मेमोरियलचं खारघरचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, पुण्याचं पेशीविज्ञान केंद्र एनसीसीएस या त्यासाठीच्या उत्तम जागा. संगणकाची ओढ असेल तर पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे संगणकावर जैविक माहितीचा अभ्यास. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात आणि प्रकल्पावरच्या नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात, हे आत्ताच मनाशी धरा. घरची गरज लवकर कमावण्याची असेल तर डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे गाठींचे काप तयार करून तपासण्याच्या विभागात, जाता येतं. ती वाट दुय्यम समजू नका. काप बिघडला तर पुढचा अहवालच बिघडतो.

आणखी एक काम आहे, रुग्णाची संमती घेण्याचं. 'नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही, दिलेली संमती मागेही घेता येईल' हे घाबरलेल्या बाईला तिच्या बोलीत सांगणारं माणूस तिथे लागतं. जाऊबाईंशी त्या सहीबद्दल काय बोलणं झालं होतं, ते लेकीला विचारायला सांगा. या सुट्टीत तिच्या विभागप्रमुखांची चिठ्ठी घेऊन जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात काही दिवस बसायची परवानगी मागा. महागडे सर्टिफिकेट कोर्स तूर्त नकोत.