'व्हिसिनिटी' म्हणजे नेमकं कुठं? रंकाळ्यात, रंकाळ्यावर की रंकाळ्याजवळ?

तुमचा प्रश्न असा की इंग्रजी बातमीत 'इन द व्हिसिनिटी ऑफ रंकाळा लेक' असं वाचलं, शब्दकोशात 'परिसर' हा अर्थ मिळाला, तरी अपघात नेमका कुठं झाला ते कळलं नाही. आणि दुसऱ्या बातमीत 'इन द व्हिसिनिटी ऑफ ट्वेंटी लाख' आलं, तेव्हा पैशाला परिसर कसा असेल, ही शंका आली.

आधी आपला कोल्हापूरचा रंकाळा तलाव घेऊ. संध्यामठ रंकाळ्यात आहे. संध्याकाळी आपण भेळ खायला जातो ते रंकाळ्यावर. आणि रंकाळा स्टँड आहे रंकाळ्याजवळ. व्हिसिनिटी म्हणजे हे तिसरं. एक खूण धरायची आणि तिच्या आसपासचा भाग सांगायचा, हद्द न आखता. त्यामुळं 'व्हिसिनिटी' दिसली की पहिला प्रश्न विचारायचा: कशाची? बिनखांबी गणपतीची व्हिसिनिटी म्हणजे महाद्वार रोडचा तेवढा तुकडा आणि भोवतालच्या चार गल्ल्या. पण 'इन द व्हिसिनिटी ऑफ कोल्हापूर' म्हटलं तर उचगाव, पाचगाव, वडणगे, शिरोली सगळी गावं त्यात येतात. खूण जेवढी मोठी तेवढं आसपास मोठं.

आता 'परिसर' या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मी यात एकदा चुकलोय आणि ती चूक अजून डोळ्यासमोर आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या सूचनांचं मराठी मी करत होतो. कारखान्याच्या व्हिसिनिटीत वाहनं उभी करू नयेत, असं मूळ इंग्रजीत होतं. मी लिहिलं, 'कारखान्याच्या परिसरात वाहने उभी करण्यास मनाई आहे.' गळीत हंगाम सुरू झाला आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या बाहेरच्या रस्त्याला भिंतीला लागून ओळीनं उभ्या राहायला लागल्या. ड्रायव्हर मंडळींचं काही चुकलं नव्हतं. 'परिसरात' म्हणजे आवारात, गेटच्या आत, असंच त्यांनी वाचलं, आणि मराठी माणूस तसंच वाचतो. 'मंदिर परिसर स्वच्छ ठेवा' म्हटल्यावर आपण अंबाबाईच्या देवळाचं आवार समजतो, शेजारच्या गुजरीतली दुकानं नाही. आवाराला इंग्रजीत 'प्रिमायसेस' हा वेगळा शब्द आहे. मला जे सांगायचं होतं ते कुंपणाबाहेरचं होतं. शेवटी 'कारखान्याच्या भिंतीपासून ५० मीटरपर्यंत रस्त्यावर वाहने उभी करू नयेत' असा फलक लावला, तेव्हा रस्ता मोकळा झाला.

म्हणून बातमीत, कथेत 'परिसर' चालेल, पण ज्यावर कुणाला दंड होणार आहे तिथं व्हिसिनिटीही नको आणि परिसरही नको, अंतर लिहा. कायदा तेच करतो. २००३ च्या तंबाखू कायद्यात शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करायची तरतूद आहे. 'जवळपास' म्हणून सोडून दिलेलं नाही.

या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. लॅटिनमध्ये 'विकुस' म्हणजे वस्ती, 'विकिनुस' म्हणजे शेजारी, त्यावरून व्हिसिनिटी. आणि या 'विकुस'चं नातं संस्कृतातल्या 'विश्' धातूशी आहे. शेजाऱ्याला संस्कृतात 'प्रतिवेशी' म्हणतात, त्यातला 'वेश' तोच. म्हणजे व्हिसिनिटीचा मूळ अर्थ शेजार. आज मात्र इंग्रजीत तो नुसता अंतराचा शब्द उरलाय, त्यात माणसं नाहीत. माणसं असलेला शेजार सांगायचा तर 'नेबरहुड'. आपल्याकडं तालमीवरून भाग ओळखला जातो ना, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, तसं काहीसं. तिथली पोरं, तिथला गणपती, फुटबॉलची टीम, सगळं त्यात आलं. 'मी या नेबरहुडमध्ये वाढलो' म्हणतात, 'या व्हिसिनिटीत वाढलो' असं कुणी म्हणत नाही.

'आउटस्कर्ट्स' म्हणजे शहराची कड, आणि 'एन्व्हायरन्स' म्हणजे शहराची पंचक्रोशी. हे दोन्ही नेहमी अनेकवचनी. 'सराउंडिंग्ज' मात्र ऐका. 'सराउंड'चा मूळ अर्थ पाणी वरून वाहून जाणं, म्हणजे पूर येणं. त्यात लॅटिन 'उंडा' म्हणजे लाट आहे. 'राउंड'शी नाव जुळलं म्हणून पुढं अर्थ 'वेढणं' असा झाला. पंचगंगेचं पाणी चिखली-आंबेवाडीला चारी बाजूंनी वेढतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे बसले ते सांगावं लागणार नाही.

पैशाचं सोपं आहे. तिथं खूण म्हणजे आकडा, आणि त्याच्या थोडं अलीकडं-पलीकडं. मराठीत आपण 'वीस लाखांच्या आसपास' किंवा 'वीस लाखांच्या घरात' म्हणतो, तेच.

वापरताना एवढं बघा. 'इन द व्हिसिनिटी ऑफ' हा ठरलेला साचा आहे. 'ॲट' किंवा 'निअर द व्हिसिनिटी' लिहू नका, कारण जवळपणा शब्दातच आहे. अगदी लगतचं सांगायचं तर 'इमिजिएट व्हिसिनिटी'. उच्चारात जोर 'सि'वर द्यायचा. आणि हा शब्द पोलिसांच्या पत्रकातला, बातमीतला, अर्जातला आहे. रस्त्यात कुणाला झेरॉक्सचं दुकान विचारताना 'निअरबाय' किंवा 'अराउंड हिअर' म्हणा, ते कानाला बरं वाटतं.

तुमच्या दोन बातम्यांचं मराठी मी असं करेन: पहिलीत 'रंकाळ्याजवळ अपघात', दुसरीत 'सुमारे वीस लाख'.