हार्नेसचं नंतर, आधी नकाराच्या पत्रावरची तारीख बघा

म्हापशाहून एका वाचकाचं पत्र आलंय. वर्षातून एकदा कोईमतूरच्या ट्रॅकवर गाडी पळवायची हौस, म्हणून त्यांनी रोजच्या हॅचबॅकला चार पट्ट्यांचा रेसिंग हार्नेस बसवून घेतला. गॅरेजवाल्याने ड्रायव्हरकडचा मूळ सीटबेल्ट काढूनच टाकला. मग पावसात पर्वरीला गाडी घसरून दुभाजकावर गेली आणि इन्शुरन्स कंपनीने ‘अनधिकृत बदल’ एवढंच लिहून क्लेम फेटाळला. आता ते विचारतात, “हार्नेस कायदेशीर की बेकायदेशीर? चवथ आटोपली की वकील गाठीन म्हणतो.”

चवथीनंतर येऊ नका. यंदा, म्हणजे २०२६ साली, चवथ १४ सप्टेंबरला आहे. तुम्ही पाठवलेल्या प्रतीवर नकाराच्या पत्राची तारीख २८ ऑगस्ट २०२४ आहे, तुमच्या हाती ते २ सप्टेंबरला पडलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. आपण म्हणू, मुदत पत्र मिळाल्यापासून मोजा. कंपनीचा वकील म्हणेल, पत्राच्या तारखेपासून. हा वाद जिंकता येईलही, पण मुळात तो कशाला ओढवून घ्यायचा? २७ ऑगस्टच्या आत तक्रार दाखल करा. उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि घरात गणपती होता हे कारण मला तरी ग्राहक आयोगापुढे मांडवणार नाही.

या दोन वर्षांत तुम्ही कंपनीला ईमेलमागून ईमेल पाठवलेत. त्यांचा उपयोग शून्य. एकदा स्पष्ट नकार आला की स्मरणपत्रांनी मुदत लांबत नाही. विमा लोकपालाकडे फुकटात आणि वकिलाशिवाय जाता आलं असतं. त्याची एक वर्षाची मुदत तर केव्हाच गेली. अशी पत्रं मला दर पावसाळ्यात येतात. कुणाचा सायलेन्सर, कुणाचे रुंद टायर, आणि प्रत्येकाने कागद कपाटात ठेवून दिलेला.

आता हार्नेस. तो जास्तीचा बसवला यापेक्षा मूळ बेल्ट काढला, हे तुमचं खरं दुखणं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५ वा नियम उत्पादकाला बेल्ट द्यायला लावतो आणि १३८ वा तोच बेल्ट तुम्हाला बांधायला लावतो. हार्नेसवरचं एफआयएचं, म्हणजे मोटार शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, लेबल शर्यतीसाठी. रस्त्यावरच्या नियमात ते मूळ बेल्टची जागा घेत नाही. बेल्ट जागेवर असता आणि हार्नेस मागे गुंडाळून ठेवलेला असता, तर मी बऱ्याच जोरात भांडलो असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. ते तुमच्यापर्यंत येईल का, सांगता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या फोटोतलं फिटिंग पाहून मी चरकलो. खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या बुडाशी, जवळजवळ सरळ खाली ओढलेत. एफआयए ४५ अंशांपेक्षा जास्त उतार चालवून घेत नाही, कारण धक्क्यात असे पट्टे मणका दाबतात. मांड्यांमधला पट्टा नाही, म्हणजे कमरेचा पट्टा पोटावर सरकणार. गाडीत रोल केज, म्हणजे छत दबू न देणारा आतला लोखंडी सांगाडा, नाही. उलटली आणि छत दबलं तर खांदे जखडलेल्या माणसाला बाजूला झुकताही येत नाही.

पण तुमचा क्लेम शरीराच्या इजेचा नाही, बंपर, रेडिएटर आणि बॉनेटचा आहे. हार्नेसमुळे गाडी घसरली, असं कंपनीने कुठे म्हटलंय? पॉलिसीची कोणती अट मोडली तेही लिहिलेलं नाही. नकाराच्या पत्रात न दिलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) या निकालांत सांगितलंय. अट मोडल्याचं धरलं तरी अमलेंदू साहू (२०१०) या निकालाच्या आधारे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते. मिळेलच असं मी म्हणत नाही. आयोग बेल्ट काढण्याकडे किती गांभीर्याने बघतो त्यावर ते आहे.

तक्रार पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा आयोगात करा. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरूनही दाखल होते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिलाय. त्यावर विसंबून गाडी विकायचं किंवा नवी घ्यायचं गणित मांडू नका. नुकसान पाहून गेलेल्या सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत आजच लेखी मागा. पत्राचं पाकीट शोधा, त्यावर पत्र पोचल्याच्या तारखेचा टपालाचा शिक्का असेल तर तो २ सप्टेंबरचा पुरावा आहे. मूळ बेल्ट अधिकृत वर्कशॉपमधून परत बसवून बिल जपून ठेवा, पण तो आधीपासून होता असं शपथपत्रात लिहू नका. सर्व्हेयरने फोटो काढलेत.