घोडा कोण चढवतो, बोट की चाप?

प्रश्न : सर, माझी मुलगी सहा महिन्यांपासून बालेवाडीला एअर पिस्तूल शिकतेय. परवा जेवताना सिंगल-अ‍ॅक्शन आणि डबल-अ‍ॅक्शनचा विषय निघाला. माझा भाऊ म्हणाला, डबल म्हणजे एका दाबात दोन गोळ्या. मुलगी म्हणाली असं काही नसतं काका, पण मग असतं काय ते तिलाही नीट सांगता येईना. जरा समजावून सांगाल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : लेक बरोबर आहे तुमची. दोन्हीत एका दाबाला एकच गोळी सुटते.

खरा घोळ आपल्या बोलण्यात आहे. आपण सरसकट "घोडा दाबला" म्हणतो, पण बोटाने मागे ओढतो तो चाप, म्हणजे ट्रिगर, आणि घोडा म्हणजे मागच्या बाजूला असतो तो हॅमर, जो पडला की गोळी सुटते. हे दोन शब्द वेगळे ठेवलेत ना, की अर्धं काम झालं. सिंगल-डबल हा हिशोब चापाच्या कामांचा आहे.

सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये चापाचं काम एकच, आधीच चढवलेला, म्हणजे मागे ओढून अडकवलेला घोडा सोडायचा. चढवायचा कुणी? कोल्टचं 1873 चं रिव्हॉल्व्हर घ्या, त्यात दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि त्याच ओढण्यात सिलिंडरही, म्हणजे गोळ्या भरायचं गोल चाकही फिरतं. मग लोकांना वाटतं सिंगल-अ‍ॅक्शन म्हणजे संथ काम, पण तसं नाही, कारण कोल्टच्याच 1911 पिस्तुलात एकदा हाताने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढली की पुढे प्रत्येक गोळीनंतर स्लाइड आपणहून मागे येते आणि घोडा चढवून जाते. आपल्या सैन्याचं इशापूरच्या फॅक्टरीत बनणारं 9 एमएम पिस्तूलही याच जातीचं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवरचं.

डबल-अ‍ॅक्शनमध्ये चाप दोन्ही कामं करतो, घोडा चढवतो पण आणि सोडतो पण. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप कुणी सावकाश ओढताना बघा, सिलिंडर एक घर सरकतं, घोडा मागे मागे जात राहतो आणि एकदम सुटतो. ही सगळी मेहनत एका बोटाची, म्हणून ओढ लांब आणि जड. साधारण अंदाज द्यायचा तर सिंगलला दोन-अडीच किलोची ओढ आणि डबलला साडेचार-पाच किलोची, मॉडेलप्रमाणे कमीजास्त.

यांच्या मधला प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वॉल्थर पीपी, 1929 चं पिस्तूल, त्यात घोडा खाली ठेवून पहिली गोळी डबलने सुटते, आणि नंतर स्लाइडच घोडा चढवत असल्यामुळे बाकीच्या सगळ्या सिंगलने. म्हणजे पहिल्या गोळीला बोट जोर लावून ओढतं आणि दुसऱ्याला तोच जोर लावला तर अंदाजाच्या आधीच गोळी सुटते. नवख्या माणसाचा पहिला नेम जोराने हलतो, दुसरा घाईने. हे सवयीनेच जमतं, वाचून नाही. ग्लॉक पिस्तुलात बाहेर दिसणारा घोडाच नसतो, आत स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगने पुढे आदळणारी टोकदार दांडी असते, ती स्लाइडने अर्धवट ताणलेली असते आणि उरलेला ताण चाप देतो, त्यामुळे या पिस्तुलाला कुठल्या खान्यात टाकायचं यावर अजून वाद चालतात.

आता तुमच्या मुलीचं. एअर पिस्तुलात लिव्हर उघडून छर्रा घालतानाच आतली यंत्रणा चढते, चाप फक्त सोडतो, म्हणजे तिच्या बोटाला सिंगल-अ‍ॅक्शनचीच सवय लागतेय. नियमाने तिच्या चापाची ओढ निदान 500 ग्रॅमची हवी. पुढे ती 25 मीटर पिस्तूलकडे वळली, ज्यात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, तर तिथे 1000 ग्रॅम. मॅचआधी तपासणीत पिस्तुलाची नळी सरळ वर धरून चापाला तेवढं वजन अडकवतात आणि हळूच उचलतात, वजन उचललं जाण्याआधी चाप सुटला तर पिस्तूल नापास. इतक्या हलक्या चापाला झटका चालत नाही आणि चुकून लागलेलं बोटही चालत नाही, म्हणून नेम धरेपर्यंत बोट बाहेर, हे कोच रोज ओरडून सांगतात ते त्यासाठीच. पुढच्या मॅचला तिच्याबरोबर तपासणीच्या टेबलापाशी थांबा, भावालाही घेऊन जा.